गुडघा दवाखान्यात पोचण्याआधी

तालुका पातळीवरच्या कबड्डी स्पर्धेत चढाईला गेलेला पोरगा पाय रोवून वळतो, मागून कुणीतरी घोटा धरतो आणि गुडघ्यातून ‘कट’ असा आवाज येतो. पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत त्या गुडघ्याबद्दल जेवढं कळू शकतं, तेवढं पुढचे कित्येक दिवस कळत नाही. सूज अजून आलेली नसते, स्नायू आवळलेले नसतात. जाणत्या माणसाने एका हाताने मांडी स्थिर धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहिली, की आतलं लिगामेंट, म्हणजे हाडं जोडून धरणारा पट्टा, शाबूत आहे की तुटलं याचा बऱ्यापैकी अंदाज तिथल्या तिथे येतो. दोन-तीन तासांनी सांध्यात रक्त साचतं, गुडघा फुगतो, पोरगा हात लावू देत नाही. मग एमआरआयच्या पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत सगळा कारभार तर्कावर चालतो.

त्या दहा मिनिटांत आपल्याकडे काय होतं, हे ज्याने मैदानं पाहिली आहेत त्याला सांगायला नको. स्प्रे मारला जातो. कुणीतरी पाय ओढून ‘बसवून’ देतो. कुणी तेल लावून चोळायला घेतो, आणि ताज्या दुखापतीवर चोळणं म्हणजे आतला रक्तस्राव आणि सूज वाढवणं. एवढं झाल्यावर प्रशिक्षक वाकून विचारतात, “खेळतोस का? पाचच मिनिटं राहिलीत.” पोरगा हो म्हणतो. तो नाही कसा म्हणेल? राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र म्हणजे सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाकडे जाणारी वाट. घरच्यांनी त्यावर आशा लावलेली असते. त्याच्या गुडघ्याचा निर्णय त्यानेच घ्यावा असं म्हणणं म्हणजे तो निर्णय आधीच ठरवून टाकणं आहे.

त्या क्षणी मैदानाच्या कडेला कोण उभं असायला हवं आणि त्याला तयार कसं करायचं, हा माझ्या मते आपल्या क्रीडा धोरणातला सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न आहे. शस्त्रक्रिया करणारे उत्तम सर्जन आपल्याकडे आहेत. मुंबई-पुण्यात दुर्बिणीतून लिगामेंट नव्याने बसवून देणारे हात जगात कुठेही मान मिळवतील असे आहेत. तुटल्यानंतरची सोय आपण केली. तुटण्याआधीची आणि तुटतानाची केली नाही.

अमेरिकेत हे काम करणारा स्वतंत्र पेशा आहे, ॲथलेटिक ट्रेनर. जिममधल्या ट्रेनरशी त्याचा संबंध नाही. दुखापत होऊ नये म्हणून काळजी घेणं, झाली तर जागेवर तपासणं, जीव धोक्यात असेल तर पहिले उपचार करणं, नंतर खेळाडूला टप्प्याटप्प्याने परत मैदानावर आणणं, आणि हे सगळं डॉक्टरांशी जोडून घेऊन करणं, असं त्याचं काम. या मंडळींची राष्ट्रीय संघटना १९५० मध्ये कॅन्सस सिटीत स्थापन झाली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्यांना आरोग्यसेवेतला पेशा म्हणून मान्यता दिली ती १९९० मध्ये. म्हणजे चाळीस वर्षं हे लोक बादल्या उचलणारे आणि पट्ट्या बांधणारे म्हणूनच ओळखले गेले. २००४ पर्यंत एखाद्या जाणत्या ट्रेनरच्या हाताखाली उमेदवारी करून परीक्षेला बसण्याची वाट खुली होती. ती बंद झाली आणि मान्यताप्राप्त शिक्षणक्रम सक्तीचा झाला. मग २०१५ मध्ये मोठा निर्णय आला. या पेशात शिरण्यासाठी यापुढे पदव्युत्तर पदवी लागेल, आणि २०२२ च्या शरद सत्रानंतर पदवी पातळीवरच्या शिक्षणक्रमांत नवे विद्यार्थी घेता येणार नाहीत.

या निर्णयावर तिथे बरंच वादंग झालं, आणि आपल्याकडेही आज ना उद्या ते होणार आहे, म्हणून दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात. बाजूने बोलणारे सांगत होते की उष्माघात, मेंदूला बसलेला धक्का, हृदय बंद पडणं अशा प्रसंगी जो माणूस एकटा निर्णय घेणार आहे, त्याचं शरीरशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र पक्कं हवं. अठरा-वीस वर्षांच्या मुलावर हे ओझं टाकू नये. विरोध करणारे विचारत होते की पगार शाळा-कॉलेजांच्या पातळीवर तेवढेच राहणार असतील, तर आणखी दोन वर्षांचं कर्ज कोण काढणार? त्यांची भीती अगदीच खोटी ठरलेली नाही. बऱ्याच लहान कॉलेजांनी आपले शिक्षणक्रम गुंडाळले. आजही तिथल्या सुमारे एक तृतीयांश माध्यमिक शाळांना ॲथलेटिक ट्रेनर मिळत नाही, आणि ज्या शाळा गरीब वस्तीत किंवा दूर खेड्यांत आहेत त्यांना तर कमीच मिळतो. कॅलिफोर्नियासारख्या भल्यामोठ्या राज्यात अजून या पेशाला परवान्याचा कायदा नाही.

माझं मत असं की अमेरिकेने शिक्षणाची पातळी उंचावली हे योग्यच केलं, पण नुसत्या पातळीवर भिस्त ठेवली तर काय होतं, हेही तिथेच दिसतं. मेरीलँड विद्यापीठातली २०१८ ची घटना या क्षेत्रात शिकणाऱ्या प्रत्येकाने बारकाईने वाचावी. २९ मे रोजी सराव चालू होता. ११० यार्डांच्या धावा, एकापाठोपाठ एक. १९ वर्षांचा जॉर्डन मॅकनेअर हा अमेरिकन फुटबॉल खेळणारा मुलगा शेवटच्या फेऱ्यांमध्ये कोलमडू लागला. लक्षणं दिसू लागल्यापासून रुग्णवाहिका त्याला घेऊन निघेपर्यंत दीड तासाहून अधिक वेळ गेला. त्या वेळात त्याचं तापमान मोजलं गेलं नाही. थंड पाण्यात त्याला बुडवलं गेलं नाही. दोन आठवड्यांनी, १३ जूनला, तो गेला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी पुढे कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी मान्य केली. तिथे ॲथलेटिक ट्रेनर होते, जवळच सगळ्या सोयी होत्या. वैद्यकीय निर्णयात प्रशिक्षकांनी ढवळाढवळ करू नये हा नियम अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेने त्याआधीच केलेला होता. तरीही त्या मैदानाचं सगळं वातावरण ‘दम काढायचा नाही’ असं होतं, आणि शिकलेलं माणूस त्या वातावरणात गप्प राहिलं.

उष्माघाताबद्दल इथे थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण यात शंकेला जागा फार कमी आहे. श्रमाने झालेल्या उष्माघातात शरीराचं आतलं तापमान चाळीस अंशांच्या पुढे जातं आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो, चिडतो किंवा कोसळतो. अर्ध्या तासात तापमान खाली आलं तर तो वाचतो. त्याहून जास्त वेळ गेला तर यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांना इजा होते. म्हणून नियम एकच, आधी थंड करा, मग हलवा. मॅसॅच्युसेट्समधल्या फालमथच्या शर्यतीत १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ रुग्णांना जागेवरच बर्फाच्या पाण्यात ठेवून उपचार केले गेले आणि त्यातला एकही दगावला नाही. टब नसेल तरी भागतं. ताडपत्रीवर माणसाला झोपवायचं, चार-पाच जणांनी कडा उचलून धरायच्या, आत पाणी आणि बर्फ ओतायचा आणि ताडपत्री हलवत राहायचं. ही पद्धत अभ्यासून पाहिलेली आहे. आपल्याकडे ताडपत्री नाही असं गाव दाखवा. पण ताडपत्रीचा हा उपयोग माहीत असलेला क्रीडाशिक्षक आपल्या राज्यात किती ठिकाणी सापडेल?

आणि हा प्रश्न फक्त खेळाडूंपुरता राहत नाही. पोलीस भरतीच्या तयारीसाठी हजारो मुलं-मुली पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, राज्य राखीव दलासाठी पाच किलोमीटर. नव्वद टक्के मार्गदर्शन अकॅडमीतल्या माजी सैनिकांचं किंवा आधी भरती झालेल्या मित्राचं. नडगीचं हाड आतून दुखू लागलं की ‘नळी भरली’ म्हणून पट्टी गुंडाळून तसंच धावायचं, आणि हाडाला बारीक तडा गेला की भरतीच हुकते. जिवावर बेतण्याचेही प्रसंग आहेत. झारखंडमध्ये २०२४ च्या ऑगस्टमध्ये उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीत पुरुष उमेदवारांना तासाभरात दहा किलोमीटर धावायचं होतं, आणि त्या भरतीत दहाहून अधिक तरुण दगावले. आपल्याकडेही भरतीच्या मैदानावर तरुण गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, दोन दिवस हळहळ होते, आणि पुढची भरती त्याच मैदानावर, त्याच उन्हात होते. मला या गोष्टीचा राग येतो. सरकारी जागेसाठी सरकारी मैदानावर धावणाऱ्या मुलाच्या जिवाची जबाबदारी कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.

आता आपल्याकडच्या शिक्षणाकडे येऊ. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून आहे आणि तिथे डॉक्टरांसाठी क्रीडा वैद्यकाचा पदव्युत्तर शिक्षणक्रम चालत आला आहे. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने क्रीडा दुखापत केंद्र उभं राहिलं. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात क्रीडा वैद्यकाचा स्वतंत्र विभाग आहे. फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर शिक्षणात क्रीडा शाखा आहे आणि तिला विद्यार्थ्यांची पसंतीही मोठी आहे. बालेवाडीत क्रीडा विद्यापीठ व्हावं म्हणून महाराष्ट्राने २०२० मध्ये कायदा केला. म्हणजे पाटी कोरी नाही.

अडचण या शिक्षणाच्या जागेत आहे. एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी, करणारी मुलगी दोन वर्षांतला बहुतेक वेळ ओपीडीत घालवते. तिच्यासमोर येणारा गुडघा तीन आठवड्यांचा असतो, शस्त्रक्रियेनंतरचा असतो किंवा साठीतल्या आजीचा असतो. मैदानावर जाणं म्हणजे एखाद्या मॅरेथॉनमध्ये विद्यापीठाचा तंबू टाकून गोळे आलेल्या पोटऱ्या ताणून देणं. तेही उपयोगाचं, पण दुखापत होताना पाहिलेलीच नसेल, तर ती कशी झाली हे खेळाडूच्या तोंडून ऐकून कितीसं कळणार? खोखोत खांबाला हात घालून झटक्यात वळताना खांद्यावर काय ताण येतो, लाल मातीतला पैलवान मॅटवर आल्यावर त्याचा घोटा का अडकतो, वजन उतरवण्यासाठी मुलं सराव सोडून काय काय उद्योग करतात, हे सगळं ओपीडीच्या पडद्याआड शिकवता येत नाही. अमेरिकेच्या नव्या शिक्षणक्रमात इतर क्लिनिकल अनुभवाबरोबर किमान चार आठवडे सलग ॲथलेटिक ट्रेनरच्या रोजच्या कामात राहण्याची अट आहे. मला ती अपुरी वाटते. आपण एक आख्खा हंगाम म्हणायला हवं. कबड्डीचा विद्यार्थी असेल तर जिल्हा निवड चाचणीपासून राज्य स्पर्धेपर्यंत, कुस्तीचा असेल तर दिवाळीनंतरच्या जत्रांपासून उन्हाळ्यापर्यंत. संघाबरोबर एसटीने जायचं, शाळेच्या खोलीत सतरंजीवर झोपायचं, मुलं काय खातात ते पाहायचं. खेळाडू कोणत्या वेळी दुखणं लपवतो हे त्याशिवाय कळत नाही.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ ला विनेश फोगाट शंभर ग्रॅमने अपात्र ठरली, तेव्हा देशभर डॉक्टरांच्या नावाने शिमगा झाला. भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्ष पी. टी. उषा यांनी त्यावर सांगितलं की वजनाची जबाबदारी खेळाडू आणि प्रशिक्षकांची असते, आणि संघटनेने नेमलेलं वैद्यकीय पथक स्पर्धेच्या काही महिने आधीच आलं होतं, तेही मुख्यतः दुखापती आणि थकवा सांभाळण्यासाठी. टीका करणाऱ्यांना ते उत्तर झटकून टाकण्यासारखं वाटलं. मला त्यात आपल्या व्यवस्थेचं अचूक वर्णन दिसतं. वैद्यकीय पथक पाहुण्यासारखं येतं. वजनाचा प्रश्न त्या रात्रीचा नव्हताच. कुस्तीगीर वर्षभर कोणत्या वजनाने वावरतो, दोन दिवस सलग वजन द्यायचं असेल तर पहिल्या दिवसानंतर किती खायचं-प्यायचं, कोणता वजनगट त्याच्या हाडापेराला झेपतो, ही वर्षानुवर्षांची नोंद ठेवणारं एक माणूस लागतं. तालमीत वस्ताद हे काम अनुभवाने करत आलेत आणि त्यातलं बरंचसं शहाणपणाचं आहे. पण घाम काढण्यासाठी प्लास्टिक घालून पळवणं, थुंकायला लावणं, पाणी तोडणं हेही त्याच तालमीतून चालत आलंय. वस्तादाचा मान राखून त्याला ‘हे नको’ सांगेल असा शिकलेला माणूस तिथे रोज असला पाहिजे, महिन्यातून एकदा गाडीतून उतरणारा नको.

यावर फिजिओथेरपिस्ट मित्र म्हणतात की आम्ही हेच तर करतो, मग नवा पेशा कशाला? मी नव्या पेशाचा आग्रह धरत नाही. आपल्याकडे फिजिओथेरपीचा पाया चांगला आहे, तो टाकून अमेरिकेचा ढाचा उचलून आणण्यात अर्थ नाही. पण पदवीनंतरची दोन वर्षं मैदानासाठी वेगळी बांधा. त्यात जीव वाचवण्याची कौशल्यं घोटून घ्या. मानेला मार लागलेल्या खेळाडूला कसं हलवायचं, हृदय थांबलं तर पहिल्या मिनिटात छातीवर दाब आणि झटका देणारं यंत्र कसं लावायचं, डोक्याला मार लागलेल्याला त्या दिवशी पुन्हा का खेळवायचं नाही. २ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीत डामार हॅमलिन हा अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक खेळाडू छातीवर आघात होऊन मैदानात कोसळला, तेव्हा त्याच्या छातीवर दाब देणारा माणूस संघाचा सहायक ॲथलेटिक ट्रेनर होता. हॅमलिन जगला आणि पुढच्या हंगामात पुन्हा खेळला. हृदय बंद पडल्यावर उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. आपली १०८ कितीही वेगाने आली, तरी ती मिनिटं मैदानावरच्याच माणसाची आहेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर टिकत नाहीत, तिथे खेळाडूंसाठी पदव्युत्तर तज्ज्ञ कुठून आणणार? हा प्रश्न रास्त आहे आणि म्हणूनच पदवीआधी जागा हवी असं मी म्हणतो. प्रत्येक जिल्हा क्रीडा संकुलात एक मंजूर, कायमस्वरूपी, वेतनश्रेणी असलेलं पद निर्माण करा. शासकीय क्रीडा प्रबोधिनींमध्येही करा. मग विद्यापीठांना शिक्षणक्रम चालवायला कारण मिळेल. आज क्रीडा फिजिओथेरपीत पदव्युत्तर झालेल्या बहुसंख्य मुलांपुढे काय आहे? आयपीएल किंवा प्रो कबड्डीच्या संघात शिरकाव झाला तर ठीक, नाहीतर शहरातल्या क्लिनिकमध्ये तुटपुंज्या पगारावर कंबरदुखी. अमेरिकेने पदवी वाढवली आणि जागांचा, पगाराचा प्रश्न बाजारावर सोडला. त्याची किंमत गरीब शाळांनी मोजली. आपण शिक्षण मोफत किंवा विद्यावेतनासह द्यावं आणि बदल्यात दोन वर्षं जिल्ह्यात सेवा घ्यावी. सरकारी महाविद्यालयांतून एमबीबीएस होणाऱ्यांना बंधपत्रित सेवा आपण लावतोच. शेतकऱ्याच्या, हमालाच्या मुलीला या पेशात येता आलं नाही, तर तालमीशी आणि कबड्डीच्या मैदानाशी ज्यांचं नातं आहे तेच लोक बाहेर राहतील.

मुलीला, असं मी जाणूनबुजून लिहिलं. फिजिओथेरपीच्या वर्गांत मुलीच जास्त दिसतात आणि मैदानावरच्या मालिशवाल्यांत जवळजवळ सगळे पुरुष. खोखो-कबड्डी खेळणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला मांडीचा स्नायू दुखावला तर ती सांगते कुणाला? पाळी तीन महिने आली नाही हे ती प्रशिक्षकांना सांगणार नाही, आणि ते कमी खाणं-जास्त सराव यांचं पहिलं लक्षण असू शकतं, पुढे हाडं कमकुवत करणारं. गुडघ्याचं लिगामेंट तुटण्याचा धोकाही उडी आणि वळणं असलेल्या खेळांत मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो. सरावाआधी पंधरा मिनिटांचे ठरावीक व्यायाम केले तर तो बराच कमी होतो हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. हे व्यायाम करून घ्यायला पैसे लागत नाहीत, रोज हजर असणारी आणि मुलींचा विश्वास कमावलेली ताई लागते.

राहता राहिला अधिकार, आणि मेरीलँडचा प्रसंग लक्षात ठेवला तर हा मुद्दा शेवटी येत असला तरी पहिला आहे. जिल्हा संकुलातल्या या व्यक्तीची नेमणूक, बदली आणि गोपनीय अहवाल संघाच्या प्रशिक्षकाकडे किंवा जिल्हा संघटनेच्या सचिवाकडे असेल, तर ती शेवटच्या पाच मिनिटांत खेळाडूला बाहेर बसवू शकणार नाही. तिचा वरिष्ठ जिल्हा शल्यचिकित्सक असावा. क्रीडा खात्याच्या स्पर्धा नियमावलीत एक वाक्य घालावं, की मैदानावरच्या वैद्यकीय व्यक्तीने खेळाडूला बाहेर काढलं तर तो निर्णय त्या सामन्यापुरता अंतिम राहील आणि पंचांनी तो अमलात आणावा. प्रशिक्षकाने तो मोडला तर संघाचा तो सामना बाद. भरतीच्या मैदानासाठीही असाच अधिकार हवा, की तापमान आणि आर्द्रता ठरावीक मर्यादेपुढे गेली तर धाव थांबवायची, मग बंदोबस्ताला कितीही मोठा अधिकारी उभा असो. शिक्षणक्रमाच्या समित्या बसतील, अहवाल येतील, त्यात वेळ जाईल. नियमावलीतलं हे वाक्य मात्र येत्या हंगामाच्या आधी घालता येतं, आणि त्यासाठी एका शासन निर्णयापेक्षा जास्त काही लागत नाही.